एकतिसाव्या विहिरीवरचं ‘नाही’

दहमानला मी पस्तीस वर्षं ओळखतो. मधले चाळीस दिवस सोडून. त्या चाळीस दिवसांत तो रोज माझ्या दारावरून गेला, माझ्याकडचा चहा प्यायला, माझ्या कोंबड्यांना त्यानं खडेही मारले. पण तो माणूस माझ्या ओळखीचा होता, असं शपथेवर सांगायला मला कुणी लावू नये.

आमच्या दोन घरांमध्ये मातीची एकच भिंत आहे आणि तीही अशी पातळ, की त्याच्याकडे कुणी शिंकलं की माझ्याकडे ‘अल्ला भलं करो’ म्हणायचं. त्याची बायको मबरूका त्याला सकाळी काय काय बोलली, हे दुपारपर्यंत तिनझीरी गावभर व्हायचं, ते कुणामुळे हे मी सांगत नाही. सांगायची गरजही नाही.

दहमान दिसायला हडकुळा, कान मोठे, दात पुढे. देवानं चेहऱ्यावर हात आखडता घेतला आणि उरलेलं सगळं गळ्यात ओतलं. गावातल्या कुणाचाही आवाज तो हुबेहूब काढायचा. एकदा भिंतीपलीकडून माझा आवाज काढून त्यानं माझ्याच बायकोकडून टोमॅटो-अंड्यांचं कालवण मागवलं आणि खाल्लं. मी तिला बोललो तर म्हणते, “मला वाटलं तुम्हीच, पण आज जरा गोड बोलताय.” दुसरं म्हणजे या माणसाला नकार म्हणून देता यायचा नाही. गाढव मागायला एका सकाळी चार जण आले, चौघांनाही तो ‘ने की’ म्हणाला आणि मग स्वतः घरात लपून बसला.

कामानं तो पाटाच्या टोळीतला. आमचं पाणी वाळवंटाच्या पोटातून येतं. चार कोसांवरून जमिनीखाली भुयारी पाट आहे, आणि त्या पाटावर ओळीनं विहिरी आहेत, सत्तरच्या वर. त्या पाणी शेंदायच्या नव्हेत. त्यांची खोली आम्ही वावांत मोजतो, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं. माणसानं दोरावरून उतरायचं, तळाशी साचलेली वाळू आणि ढासळलेली माती टोपल्यांनी वर पाठवायची, म्हणजे पाणी वाहतं राहतं. गावात ते पाणी दगडी फणीपाशी निघतं, आणि फणीच्या दातांमधून ज्याच्या त्याच्या बागेला जातं. माझ्या बागेचा वाटा दोन बोटं रुंद. त्यावर माझी अकरा खजुरीची झाडं, थोडे गाजर-कांदे आणि बायकोचा पुदिना जगतो.

टोळी पाच जणांची. मुकादम बा तय्यब दोर धरायचा. हम्मू आणि फरजी खाली उतरायचे. हम्मू तापट, कुठलंही काम काल व्हायला हवं होतं असं त्याला वाटायचं. फरजीला बोलायला मुहूर्त लागायचा. दहमान टोपल्या ओतायचा आणि सगळ्यांना हसवायचा. आणि पाचवा बा जलूल, जन्मभर उतरलेला, आताशा क्वचितच उतरणारा.

बा जलूलचं काम ‘नाही’ म्हणायचं.

चेष्टा करत नाही. आमच्याकडे रीतच आहे तशी. टोळी विहिरीच्या तोंडाशी बसली की प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि मुकादम एकेकाला विचारतो, “विहीर मोकळी?” सगळ्यांनी ‘मोकळी’ म्हटलं तरच माणूस उतरतो. एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तरी दोर गुंडाळायचा. आणि ते ‘नाही’ ज्या तोंडातून आलं त्याच तोंडानं परत घ्यायचं, दुसऱ्या कुणाला तो हक्क नाही. शिवाय कारण विचारायचं नाही. उघड्या विहिरीच्या तोंडाशी अरिष्टाचं नाव घेतलं की अरिष्ट ऐकतं, असं आमच्या आजोबांच्या आजोबांना वाटायचं, आणि त्यांना वाटायचं ते आम्हालाही वाटतं. तेवढंच वाट्याला आलंय.

आता पाच माणसांत एक जलूल असला की काय होतं बघा. तो समोरच्या जागेवर तपकिरी लोकरी झगा पांघरून बसायचा, आधी दोनदा खोकायचा आणि म्हणायचा, “नाही.” दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं म्हणायचा, “मोकळी.” वर्षानुवर्षं हेच. मग बाकीच्या चौघांनी विचार करायचंच सोडून दिलं. धोका बघायला जलूल आहे ना! हम्मू आणखी धसमुसळा झाला, फरजी आणखी मुका, दहमान आणखी होयबा. जलूलला ‘का रे बाबा’ असं घरी, वाटेवर, मशिदीबाहेर कुणीही विचारू शकलं असतं, तिथं कुठं विहीर होती? पण कुणाला सुचलंच नाही. रोज आडवं येणाऱ्या गाढवाला कुणी कारण विचारत नाही, तसं.

तर झालं असं, की एकतिसाव्या विहिरीत मोठी दरड बसली. टोळी गेली. तय्यबनं विचारलं. जलूल खोकला, “नाही” म्हणाला. तो गुरुवार होता. शनिवारी सकाळी जलूलची बायको त्याला उठवायला गेली तर तो गार पडलेला.

आम्ही त्याला नीट मूठमाती दिली, कुसकुसचं जेवण वाटलं, रडलो. मी जरा जास्तच रडलो, कारण त्याच्या नावानं मी पुष्कळ विनोद केले होते. आणि मग आठव्या दिवशी टोळी एकतिसाव्या विहिरीवर गेली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की ‘नाही’ अजून तिथंच आहे. आणि ते परत घेणारं तोंड मातीखाली आहे.

हम्मू म्हणाला, “मेलेल्याचं कसलं नाही? सोडा दोर.”

तय्यबनं दोराला हातही लावला नाही. “तू उतरशील?”

हम्मूनं विहिरीत डोकावून बघितलं. एक खडा उचलून टाकला. आमच्या विहिरींत खडा टाकला की खालून काहीतरी उत्तर येतं, पाण्याचं किंवा मातीचं. यावेळी काहीच आलं नाही. हम्मूनं दुसरा टाकला. आम्ही पाच-सहा जण कान देऊन उभे होतो. खडा गेला तो गेलाच.

“उद्या बघू,” हम्मू म्हणाला.

असे पुष्कळ उद्या झाले. फणीपाशी पाणी दर आठवड्याला उतरत होतं. माझी दोन बोटं दीड झाली, मग एक झाली. गाजरं दोऱ्यासारखी. फणीच्या टोकाला ज्यांच्या बागा होत्या त्यांचे तर खजुरीचे झाप पिवळे पडायला लागले. पलीकडच्या गावानं मोटर बसवली होती, तिकडे कामाला जायचं हम्मू बोलू लागला. मशिदीतल्या शेखला विचारलं, तर तो म्हणाला, “शास्त्रात असलं काही नाही. नियम तुमचा, तुम्हीच मोडा.” पण मोडायचा कुणी? चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. ‘नाही’ म्हणायची सवय एकालाच होती, आणि गंमत अशी, की ‘नाही’ला ‘नाही’ म्हणायलाही तोच लागत होता.

इथं माझी जीभ आडवी आली.

फणीजवळ चहा चालला होता. दहमान सगळ्यांचा जीव रमवायला जलूलचा आवाज काढत होता. दोनदा खोकणं, मग ते घशात अडकलेलं ‘नाही’. इतकं जमलेलं, की जलूलचं म्हातारं गाढव मागं वळून बघायला लागलं. मी म्हणालो, “अरे, तोंड मिळत नाही तर नाही, आवाज तर आहे! दहमानला जलूलच्या जागेवर बसवा, त्याचा झगा घाला, आणि त्या आवाजात ‘मोकळी’ म्हणवून घ्या. विहिरीला काय कळतंय?”

सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले आणि विचार करू लागले. हेच वाईट झालं. नियम मोडायला नको, कुणाच्या माथी पाप नको, आणि दहमान कशालाच नकार देत नाही. एवढं सोयीचं कुणाला नको असतं?

“बसतोस का रे?” तय्यबनं विचारलं.

“बसतो की,” दहमान म्हणाला.

जलूलच्या बायकोनं झगा दिला. दुसऱ्या सकाळी ऊन वर यायच्या आत दहमान त्या जागेवर बसला, झग्याची टोपी कपाळापर्यंत ओढून. मी चहाची किटली घेऊन गेलो होतो. माझं पोट विहिरीत मावत नसल्यामुळे माझं काम तेवढंच. हम्मूला हसू आवरत नव्हतं. मी सगळ्यांना डोळा मारून बजावलं, “आज हा दहमान नाही बरं. हा बा जलूल. नाव चुकलं की मंत्र चुकला.”

तय्यब गंभीरपणे म्हणाला, “बा जलूल, विहीर मोकळी?”

झग्यातला माणूस दोनदा खोकला. “नाही.”

आम्ही खो खो हसलो. हम्मू तर वाळूत लोळला. “बस झाली चेष्टा,” तय्यब म्हणाला. “बा जलूल, विहीर मोकळी?”

“नाही.”

आता हसू कमी झालं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याच्या समोर होतो. टोपीखाली दहमानचे डोळे दिसत होते. ते भेदरलेले होते, आणि स्वतःच्या तोंडाकडे बघता आलं असतं तर बघितलं असतं असे खाली वळले होते. तोंड खोकलं. “नाही,” तोंड म्हणालं.

किटली माझ्या हातात तशीच गार झाली.

त्या दिवसापासून त्यानं झगा काढला नाही. रोज सकाळी टोळी जायची, रोज तेच व्हायचं. गावातली पोरं त्याला ‘बा जलूल, बा जलूल’ करत मागं लागायची, आणि ती खोड मीच लावली होती, हे लपवून काय उपयोग? मीही भिंतीवरून हाक मारायचो, “काय बा जलूल, आज तरी मोकळी का?” पहिले चार दिवस गंमत होती. पाचव्या दिवशी मला दिसलं, की तो डावा पाय ओढत चालतोय. जलूलचा डावा पाय लहानपणी गाढवानं तुडवला होता. दहमानच्या पायांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं. मग त्यानं चहात साखर सोडली. आमच्याकडे साखर न घेणारा एकच माणूस होऊन गेला. जलूलचं गाढव आपल्या गोठ्यातून निघून दहमानच्या दाराशी उभं राहू लागलं. आणि एका दुपारी मी त्याला ‘शेजारी’ म्हणून हाक मारली, तर मान वर न करता म्हणाला, “तुझं तोंड एक दिवस तुलाच गिळेल, अल्लाल.” हे वाक्य जलूल मला वीस वर्षं ऐकवत होता. दहमाननं मला अल्लाल या माझ्या नावानं कधी हाक मारलीच नाही. तो मला ‘गाव-रेडिओ’ म्हणायचा.

मबरूका भिंतीपाशी आली. ही बाई बोलायला लागली की भिंतीची माती पडते, पण त्या दिवशी हळू बोलत होती.

“शेजारी, माझा माणूस मला आणून द्या.”

“आहे की घरात.”

“घरात आहे तो जलूल आहे. तुम्हीच आणलात. मला ‘लाल्ला’ म्हणतो, मोठ्या घरची बाई असल्यासारखं. लाल्ला! चौदा वर्षांत मला ‘ए म्हशे’ सोडून दुसरी हाक मारली नाही त्यानं.”

“मग बरंच झालं की, सुधारला.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की विनोद घशात परत गेला. “हसवत होता हो तो मला,” ती म्हणाली. “घरात खायला काही नसलं तरी हसवायचा. आता समोर बसतो आणि मी मेलेल्या माणसाला वाढते.”

मी भिंतीवरचं एक सुटं ढेकूळ उचलून जागेवर बसवलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा घडलेलं नाही.

पुढे काय झालं ते तिनंच मला सांगितलं. सदतिसाव्या की अडतिसाव्या दिवशी तिनं भाकर वाढली. त्यानं ताट सरकवलं. “नाही.” आता बायकांची रीत आणि टोळीची रीत वेगळी. जेवणाला नाही म्हटलं की घरातली बाई कारण विचारणारच, कुठल्याही आजोबांनी तिला मनाई केलेली नाही. तिनं कमरेवर हात ठेवले, “का नाही?”

तो जरा थांबला. जणू ही गोष्ट त्याला पहिल्यांदाच कुणी विचारली होती. मग म्हणाला, “मीठ जास्त आहे.”

तिनं चाखून बघितलं. खरंच जास्त होतं.

ती तशीच पिठाच्या हातांनी माझ्याकडे आली. “शेजारी, हा विचारलं तर सांगतो!”

आम्ही दोघं आत गेलो. दुपारची वेळ, बाहेर ऊन पांढरं फटक, आत कोपऱ्यात तो झगा पांघरून बसलेला. मी उकिडवा बसलो.

“बा जलूल,” मी म्हणालो, “एकतिसावीला का नाही?”

दोनदा खोकला. “तय्यबच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. दोराचा मनगटाला वळसा देऊन धरतो, तुम्हाला दिसू नये म्हणून बाही ओढून घेतो. दहा वावांपर्यंत चालून जातं. एकतिसावी पंधरा वाव आहे, आणि ओली माती चढवायची आहे. दोर सुटला तर फरजी जाईल.”

मबरूकानं माझी बाही धरली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्षं. नवव्या विहिरीवर दोर घसरला तेव्हापासून. मी खाली होतो. दोन वाव पडलो, मग थांबलो. वर आल्यावर तो म्हणाला गाठ सरकली. मी म्हटलं सरकली असेल.”

“मग बोलला का नाहीस, बा?”

“चार माणसांत? त्यानं चाळीस वर्षं माझा दोर धरला.” त्यानं झगा सावरला. “आणि कुणी विचारलंही नाही.”

आता मोठे शहाणे म्हणतील, त्या जागेवर बसलं की समोर मुकादमाचे हात दिसतात, बाकी सगळ्यांच्या माना विहिरीकडे असतात, तेव्हा दहमानला ते दिसलं असेल. मी नंतर त्या जागेवर बसून बघितलंय. दिसतात हात, अगदी स्पष्ट. पण नवव्या विहिरीवर दोन वर्षांपूर्वी काय घडलं, ते तिथं बसून दिसत नाही. त्या दिवशी दहमान गावात नव्हता. तिमीमूनच्या बाजारात माझ्याबरोबर खजूर विकत होता.

दुसऱ्या सकाळी मी तय्यबकडे निघालो. अख्ख्या गावाला पुरेल एवढी बातमी माझ्या तोंडात होती आणि ती एकाही माणसाला सांगायची नव्हती. वाटेत तिघं भेटले, तिघांनी विचारलं ‘काय नवीन?’ मी म्हणालो ‘ऊन.’ ते अजून त्याची आठवण काढतात.

तय्यब फणीपाशी एकटाच बसून दातांच्या कडांना चिखल लिंपत होता. नुसत्या उजव्या हातानं. डावा मांडीखाली. मी शेजारी बसलो आणि चिखलाचा गोळा पुढे केला, त्याच्या डाव्या बाजूनं. सवयीनं त्यानं डावा हात बाहेर काढला. गोळा घेतला, आणि तो बोटांमधून हळूच निसटून पाण्यात पडला. पाणी गढूळ झालं. आम्ही दोघं ते निवळेपर्यंत बघत राहिलो.

“हम्मूचे हात चांगले आहेत, बा,” मी म्हणालो.

तय्यबनं डावा हात पाण्यात धुतला. मग म्हणाला, “कुणी सांगितलं?”

“जलूलनं.”

“कधी?”

“काल दुपारी.”

दुसरा कुणी असता तर हसला असता. तय्यब हसला नाही. “नवव्या विहिरीचंही सांगितलं?”

“सांगितलं.”

“मला वाटायचं तो माझ्यावर डूख धरून आहे,” तो म्हणाला. “दर खोल विहिरीला नाही, नाही. मी मनात त्याला शिव्या घालायचो. त्याच्या मयतीतही घातल्या, अल्लाल. खांदा देताना.” त्यानं मिटत नसलेली बोटं उजव्या हातानं धरून मिटवली. सोडली तशी ती उघडली. “उद्या टोळीला बोलाव.”

चाळिसाव्या दिवशी सकाळी आम्ही एकतिसाव्या विहिरीवर गेलो. मबरूकाही आली, भाकरींचं गाठोडं घेऊन. बायका विहिरीवर येत नाहीत, पण तिला अडवायला कुणाची छाती झाली नाही. तय्यबनं दोराचं वेटोळं उचललं, हम्मूच्या मांडीवर ठेवलं आणि बाही कोपरापर्यंत वर केली. सगळ्यांनी हात बघितला.

“मी माझ्या हातांना ‘नाही’ म्हणतोय,” तो म्हणाला. “आणि हे मी परत घेणार नाही.”

हम्मूचं तोंड उघडं राहिलं. एवढा तापट माणूस, पण दोर हातात आल्यावर त्यानं तो पहिल्यांदा तीन ठिकाणी ताणून तपासला. गाठ सोडून परत बांधली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“बा जलूल,” तय्यब म्हणाला, “विहीर मोकळी?”

झगा खोकला. एकदा, दोनदा. हम्मूच्या हातांकडे पुष्कळ वेळ बघितलं.

“मोकळी.”

फरजी उतरला. पंधरा वाव म्हणजे लांबचा पल्ला. दोर जातच राहिला. मग खालून त्याची हाक आली, बारीक, ओली. मातीची पहिली टोपली वर आली आणि मग थांबायचं नावच नाही. ऊन डोक्यावर आलं. टोपल्या मी ओतल्या, कारण ते दहमानचं काम होतं आणि तो जागेवरून हलत नव्हता. दुपार कलायला लागली तेव्हा खालून आधी झुळझुळ आणि मग चांगला खळखळाट ऐकू आला. फरजी वर आला तो गळ्यापर्यंत चिखल आणि कानापर्यंत हसू. त्याला बोलता येत नव्हतं, पण ते त्याला एरवीही येत नाही.

“झालं,” तय्यब म्हणाला. “ऊठ, दहमान.”

झग्यातला माणूस उठला नाही. हम्मूनं त्याचा खांदा हलवला. “ऊठ की रे, सगळे वर आले.”

“नाही,” तो जलूलच्या आवाजात म्हणाला. “एक खाली आहे.”

आम्ही मोजलं. तय्यब, हम्मू, फरजी, मी, मबरूका, तो. कुणी कमी नव्हतं. तय्यबनं परत मोजलं, बोट लावून. हम्मूनं दोर परत खाली सोडला. फरजी हळूच विहिरीपासून दोन पावलं मागं सरकला.

“कोण खाली आहे, बा?” मबरूकानं विचारलं.

त्यानं विहिरीकडे नुसती हनुवटी केली.

मबरूका उठली. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. विहिरीच्या कडेला गुडघे टेकले आणि आत वाकली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. चौदा वर्षांत मी भिंतीला कान लावून तिच्या तोंडून ते ऐकलेलं नाही. तिनं अंधारात हाक मारली.

“दहमान!”

आवाज खाली गेला. परत आला नाही.

“दहमान! अरे ए माझ्या सासूच्या पोरा, भाकर गार होतेय! दहमान!”

तिसऱ्या हाकेला हम्मूच्या हातातला दोर ताणला गेला. हम्मू तापट आहे, पण खोटारडा नाही, आणि त्याच्या हाताच्या शिरा फुगलेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. त्यानं ओढायला सुरुवात केली. फरजीनं मागून दोर धरला. एक एक वाव दोर वर येत होता आणि चांगला जड होता. शेवटचा हात आला तेव्हा टोकाला नुसती रिकामी गाठ होती, पाण्यानं निथळणारी.

मागं कुणीतरी जोरात शिंकलं.

“म्हशे,” दहमान त्याच्या स्वतःच्या आवाजात म्हणाला, “मीठ तरी बेतानं घातलंस का?” आणि झग्याला हात लावून, “हे काय घोंगडं घातलंय मला उन्हात?” म्हणून तो काढून फेकू लागला. मबरूकानं त्याला आधी एक थप्पड मारली आणि मग जवळ बसून पोटभर रडली. भाकरीवर आम्ही सगळे तुटून पडलो. दहमाननं चहात साखरेचे तीन खडे टाकले. मी मोजले.

पाणी तिसऱ्या दिवशी फणीला आलं आणि हळूहळू माझी दोन बोटं भरली. टोळीची रीत मात्र बदलली. ‘नाही’ अजून कुणीही म्हणू शकतो, पण मग सगळ्यांनी विहिरीपासून शंभर पावलं लांब जायचं, चहा ठेवायचा आणि ‘का’ ते सांगायचं. फरजीलासुद्धा सांगावं लागतं, त्यामुळे अर्धी सकाळ त्यातच जाते. ती समोरची जागा दर महिन्याला दुसऱ्याकडे जाते. सध्या तय्यब बसतो आणि हम्मूच्या हातांकडे असं बघतो, की हम्मू नखंसुद्धा कापून येतो. मोटरवाल्या गावाचे लोक हसतात आम्हाला. हसोत.

त्या चाळीस दिवसांबद्दल दहमान बोलत नाही. मी नाना परीनं काढून बघितलं. त्यानं सगळ्यांचे आवाज काढून मला टोलवलं, एक जलूल सोडून. तो त्याला आता जमतच नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून ऊन खात बसलो होतो, तेव्हा मी परत विचारलं, “खरं सांग, कुठं होतास रे तू?”

त्यानं खजुराची बी थुंकली आणि ती कुठं पडली ते बघत राहिला.

“खालीच होतो की,” तो म्हणाला. “तुम्ही सगळे रोज वर यायचात, बोलायचात, सगळं ऐकू यायचं मला. तुझी किटलीसुद्धा. मी दोर येईल म्हणून वाट बघायचो. पण हाक सगळे जलूललाच मारायचे.”

मी उठून घरात गेलो आणि उगाच कोंबड्यांना दाणे टाकले. दुपारचे दाणे मी कधी टाकत नाही.